एफिक मुलींची 'फॅटनिंग रूम': नुसतं जाड करणं की शिक्षण?

रानजाई:
नमस्कार मंडळी, गेले काही दिवस नायजेरियातल्या एफिक लोकांबद्दल वाचतेय, कॅलाबारकडचे, क्रॉस नदीच्या मुखापाशी राहणारे. पण जिथे बघावं तिथे एकच गोष्ट, फॅटनिंग रूम. मुलगी वयात आली की खोलीत ठेवायची, खाऊपिऊ घालून जाड करायची आणि लग्न लावून द्यायचं, बास. प्रथा असेलच, पण एका अख्ख्या समाजातल्या मुलींची जडणघडण एवढ्यात कशी आटपेल? लहानपणी त्या काय शिकायच्या, कोणाकडून, आणि त्या खोलीत दिवसभर करायच्या काय? माझ्या मुलीने विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही. कोणी तिकडे राहिलंय का?

खारेवारे:
मी नोकरीनिमित्त चार वर्षं कॅलाबारला होतो. शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, त्यांच्या अंगणात संध्याकाळी बसणं व्हायचं म्हणून थोडंफार कानावर पडलं.

पहिलं म्हणजे फॅटनिंग रूम हे बाहेरच्यांनी पाडलेलं नाव. एफिकमध्ये उफोक न्कुहो म्हणतात, उफोक म्हणजे घर आणि न्कुहो म्हणजे एकांतवास, आत बसलेल्या मुलीला म्बोपो. म्हणजे त्यांच्या नावात जाडीचा विषयच नाही, बाजूला ठेवण्याचा आहे. कष्टाचं काम बंद, उन्हात जायचं नाही, अंगाला तेल आणि मालिश, वर न्दोम म्हणजे पांढऱ्या मातीचा लेप. खाणं भरपूर हे खरंच, कारण भरलेलं अंग म्हणजे तब्येत, सौंदर्य आणि घरची सुबत्ता. किती दिवस बसवायचं ते घरच्या ऐपतीवर, कोणी काही आठवडे, कोणी महिने, श्रीमंताघरी त्याहूनही जास्त. काम न करणाऱ्या मुलीला इतके दिवस पोसणं गरिबाला परवडायचं नाही ना.

पण दिवसभर सोबतीला घरातल्या नाहीतर नात्यातल्या मोठ्या बायका असायच्या आणि शिकवायचं काम त्यांचं. रांधायचं कसं, सासरी बोलायचं कसं, नवऱ्याशी वागायचं कसं, बाळंतपण, मूल सांभाळणं, मणीकाम, नाचणं. एकोम्बी नाच बघितला नसेल तर जरूर बघा, हात आणि खांदे पाण्याच्या लाटेसारखे हलतात, नदीकाठच्याच लोकांना सुचावा असा नाच आहे. मुदत संपली की नटवून थटवून गावात मिरवायचे, लोक भेटी द्यायचे, आणि आता ही मोठी झाली हे सगळ्यांना कळायचं.

एडिकांग इकोंग शिकायला मी त्या आजींकडे बसलो होतो. वॉटरलीफ आणि एका भोपळ्याच्या जातीच्या वेलीची पानं घालून करायची पालेभाजी, आणि वरून पाणी घालायचंच नाही, पाल्याला सुटतं तेवढंच. मी पातेल्यात पाणी ओतायला गेलो तर आजींनी हातच धरला. तेव्हा लक्षात आलं की हे सांगून नाही येत, शेजारी बसूनच येतं.

पाटी_पेन्सिल:
खारेवारे छान लिहिलंत. मी मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी आहे, लहानपणाबद्दल थोडं सांगते, कारण न्कुहो हा शेवटचा टप्पा आहे, शिक्षण त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. मुलगी आईच्या, आजीच्या मागे मागे फिरत शिकते, पाणी आणणं, बाजारात बसणं, धाकट्या भावंडाला पाठीशी बांधून फिरवणं. पहिल्या मुलीला अदियाहा म्हणतात, मोठी म्हणून तिच्यावर जबाबदारीही आलीच. मोठ्यांना आधी लहानांनी नमस्कार करायचा, सकाळी भेटलं की मेसियेरे म्हणायचं.

आणि रात्रीच्या गोष्टी! त्यात कासव असतं, इकुत. एक गोष्ट मला फार आवडते, सूर्य आणि पाणी यांची दोस्ती असते, सूर्य म्हणतो माझ्याकडे ये, पाणी म्हणतं माझा गोतावळा मोठा आहे, घर मोठं बांध. सूर्य बांधतो, मग पाणी आपले मासे नि बाकीचे जीव घेऊन येतं, येतच राहतं, शेवटी सूर्य आणि चंद्राला छपरावर आणि तिथून थेट आकाशात जावं लागतं. पाहुण्याला बोलावलं की त्याच्या गोतावळ्यासकट बोलावलं, हे मुलांना अजून काय वेगळं सांगणार.

शिवाय त्या भागात न्सिबिदी नावाची चिन्हलिपी होती. एक्पे म्हणजे बिबट्याच्या नावाने चालणाऱ्या पुरुषांच्या गुप्त मंडळाशी तिचं नाव जोडलं जातं, पण घरगुती वस्तू, भोपळ्याची भांडी, कापड आणि अंगावरच्या नक्षीतही तिची चिन्हं दिसतात, आणि त्यातलं बरंचसं काम बायकांचं. मग मुली निरक्षर होत्या असं सरसकट कसं म्हणायचं?

डॉ_मृदगंध:
सगळं सुंदर आहे पण एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही आणि ती वगळून मुलीला सांगू नये असं मला मनापासून वाटतं. अनेक घरांत याच काळात मुलींची खतना केली जायची. त्याने रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढे बाळंतपणात अडचणी, आणि आयुष्यभराचा त्रास. ज्या बायका प्रेमाने स्वयंपाक शिकवत होत्या त्याच हे पण करवून घेत होत्या, आणि मुलीच्या भल्यासाठीच करतोय असं त्यांना वाटत होतं. क्रॉस रिव्हर राज्यात 2000 साली याविरुद्ध कायदा झाला आणि 2015 पासून नायजेरियाच्या केंद्रीय कायद्यातही बंदी आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे म्हणून यावर गप्प बसवत नाही.

रानजाई:
डॉक्टर बरं झालं लिहिलंत. मुलगी 14 ची आहे, तिला हे पण सांगेन. मिशनऱ्यांच्या शाळांमुळे न्कुहो बंद पडलं का?

पाटी_पेन्सिल:
एकदम बंद नाही पडलं, हळूहळू आकसलं. स्कॉटिश मिशन 1846 ला कॅलाबारला आलं, मेरी स्लेसर ही मिशनरी बाई 1876 ला. ती स्वतः स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या गिरणीत लहानपणापासून राबलेली, तिने जुळी मुलं मारण्याची प्रथा थांबवायला जिवाचं रान केलं आणि टाकून दिलेल्या मुली वाढवल्या. शाळा आल्यावर मुलीचा दिवस घड्याळावर गेला, मग महिनोन्महिने एकांत कुठून जमणार. पण त्यातला शिकवायचा भाग शाळेने उचललाच नाही, तो घरी राहिला.

खारेवारे:
हो, मी ज्या लग्नाला गेलो होतो तिथली नवरी बँकेत नोकरीला होती. न्कुहो वगैरे काही नाही, पण लग्नाआधी दोन आठवडे मावश्या घरी येऊन राहिल्या होत्या, एकोम्बीची तालीम रोज संध्याकाळी, आणि डोक्यात पितळेचे कंगवे खोचून ती नाचली तेव्हा शेजारच्या आजी बसल्या जागी खांदे हलवत होत्या.