मदत हवी आहे: कुत्र्याचा कान तिसऱ्यांदा बिघडला, थेंब लागू पडत नाहीत

शेपूटवाली
कान परत बिघडलाय. थेंब घातले की आठ दिवसांत बरा होतो, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच: वास, मळ, रात्रभर डोकं झटकणं. या खेपेला चार दिवस थेंब घालतेय, काडीचा फरक नाही. याहून जालीम थेंब कोणते? कृपया नाव सांगा. डॉक्टरांकडे गेलं की तेच लिहून देतात. वाट बघतेय.

मऊपंजा
नाव सांगायला आधी माहिती तर हवी. कुठले थेंब? एक कान की दोन्ही? जात, वय, वजन? मळाचा रंग काय, घट्ट की पातळ? हात लावला तर विव्हळतो का? मान एका बाजूला कलती धरतो का?

खारूताई
काळा, कोरडा, कॉफीच्या चोथ्यासारखा मळ असेल तर कानातले माइट, म्हणजे बारीक किडे. तेव्हा नुसत्या जंतूंवरच्या थेंबांवर भागत नाही. मानेवर सोडायचं सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन लागतं, आणि घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी. अंड्यापासून पूर्ण वाढलेला माइट व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून एका डोसावर थांबलात की परत येतात. आयव्हरमेक्टिन मनाने देऊ नका, कॉलीसारख्या काही जातींना ते जिवावर बेततं.

शेपूटवाली
माइट नाहीत, डॉक्टरांनी पाहिलंय. लॅब्रॅडोर, चार वर्षांचा. दोन्ही कान, उजवा जास्त. मळ आधी तपकिरी, चिकट होता. आता पिवळसर आणि पातळ आहे, वासही वेगळा, सडल्यासारखा. थेंबांत जेंटामायसिन (प्रतिजैविक), क्लोट्रिमॅझोल (बुरशीवरचं) आणि स्टेरॉइड (सुजेवरचं). मागच्या वेळची बाटली उरली होती, तीच वापरतेय. आता तरी नाव सांगाल का?

पशुवैद्य_अ
नाव नाही सांगणार, कारण तुम्ही दिलेल्या माहितीतली एक ओळ फार महत्त्वाची आहे. तपकिरी, चिकट मळ बहुधा मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा असतो. तो पिवळा, पातळ, सडक्या वासाचा झाला, तर आत आता काड्यांच्या आकाराचे जिवाणू असण्याची शंका घ्यावी लागते. त्यात स्यूडोमोनास हा चिवट जिवाणू असेल तर नेहमीच्या थेंबांना तो दाद देत नाही, आणि कानाच्या आतल्या त्वचेवर व्रण पडतात. म्हणजे पहिल्या वेळी झालेला आजार आणि आताचा आजार वेगळे असू शकतात.

रंग आणि वास हा फक्त अंदाज. ठरवते स्लाइड. कानात खोल, उभी नळी आडवी वळते तिथपर्यंत बोळा घालून तो काचेवर लाटायचा, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली, हजारपट मोठं करून पाहायचं. यीस्ट शेंगदाण्यासारखं किंवा बुटाच्या तळव्यासारखं दिसतं. गोल जिवाणू, काडीसारखे जिवाणू, पूपेशी असं सगळं दहा-पंधरा मिनिटांत कळतं. काड्या आणि पूपेशी भरपूर दिसल्या तर कल्चर लावतात, म्हणजे जंतू वाढवून ते कोणत्या औषधाला दाद देतात ते पाहतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मागच्या दोन्ही वेळी स्लाइड केली होती का? आणि जायच्या दिवशी सकाळी कान धुऊ नका, थेंबही घालू नका, नाहीतर स्लाइडवर औषधच दिसेल.

तोपर्यंत जुनी बाटली बंद. कानाचा पडदा फाटला असेल तर जेंटामायसिन आतल्या कानापर्यंत पोचतं आणि बहिरेपणा येऊ शकतो, तोल जाऊ शकतो. पडदा बघितल्याशिवाय ते घालायचं नसतं.

आंबटपाणी
एवढं सगळं कशाला? पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून रोज धुवा. यीस्टला आम्लता सोसत नाही. स्वस्त आणि सुरक्षित.

पशुवैद्य_अ
सुरक्षित फक्त अखंड त्वचेवर. व्रण असताना ते भाजतं, आणि एकदा भाजलं की कुत्रा पुढे कानाला हातही लावू देत नाही. यीस्टवर आम्ल चालतं हे खरं, २ टक्के अॅसिटिक आणि २ टक्के बोरिक आम्लाची तयार द्रावणं त्यासाठीच असतात. पण इथे पिवळा पू आहे.

आंबटपाणी
पण मग दुकानातल्या क्लीनरमध्येही आम्लंच असतात ना. सॅलिसिलिक आम्ल, लॅक्टिक आम्ल. ती चालतात आणि व्हिनेगर नाही?

सूक्ष्मदर्शी
त्यांची तीव्रता ठरलेली असते, आणि ती मळ विरघळवायला बनवलेली असतात. त्यांनाही व्रण असलेल्या कानात मज्जावच आहे. मिसळायचं प्रमाण घरी रोज बदलतं, मुख्य अडचण ती. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट यांचंही तेच: जळजळ, मग सूज. टी ट्री तेल तर कुत्र्यांना विषारी आहे, ते सुचवणारे बरेच जण भेटतात म्हणून आधीच लिहून ठेवतो. आणि कुठलंही तेल ओतलं तरी त्वचेवर थर बसतो, औषध खाली पोचत नाही, स्लाइडही वाचता येत नाही.

शेपूटवाली
थांबा. मी व्हिनेगर-पाण्यानेच धुते. रोज. धुऊन लगेच थेंब घालते, दोन-तीन थेंब. हे चुकलं का?

सूक्ष्मदर्शी
तीन ठिकाणी चुकलं. हे पहिल्याच पोस्टमध्ये आलं असतं तर बरं झालं असतं.

एक. जेंटामायसिन आम्लात निष्प्रभ पडतं. ज्या कानात नुकतं व्हिनेगर गेलंय त्यात ते घातलं तर त्याचा जोर बराच कमी होतो. एन्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकांचंही तसंच.

दोन. ओल्या कानात थेंब पातळ होऊन बाहेर झटकले जातात.

तीन. मात्रा. कुत्र्याची कानाची नळी ५ ते १० सेंटीमीटर लांब असते, आधी सरळ खाली आणि मग आडवी वळते. लॅब्रॅडोरच्या एका कानाला सुमारे १ मिलि औषध लागतं, पातळ औषधाचे साधारण २० थेंब. दोन-तीन थेंब वरच्या पाळीवरच वाळतात, वळणाच्या पुढे काहीच जात नाही. सुई काढलेली १ मिलिची सिरिंज वापरा म्हणजे मोजमाप राहतं. लहान कुत्र्याला ०.३ ते ०.५ मिलि पुरतं. शेवटचा आकडा तुमच्या औषधाच्या लेबलवरचा आणि डॉक्टरांनी सांगितलेला.

कमी मात्रा आणि मधेच थांबवणं, या दोन्हींमुळे नेमके चिवट जिवाणू मागे उरतात. तुम्ही आठ दिवसांत थांबवलंत. वास गेला म्हणजे संसर्ग गेला असं नसतं, वास आधी जातो आणि जंतू मागाहून. नेहमीच्या कानदुखीला दोन ते तीन आठवडे, स्यूडोमोनासला अनेकदा त्याहून जास्त, आणि थांबवायचं ते स्लाइड स्वच्छ आल्यावर.

कात्री_कंगवा
कानातले केस उपटा. हवा खेळली पाहिजे. चिमटा आणि कानाची पावडर, पाच मिनिटांचं काम.

खारूताई
लॅब्रॅडोरच्या नळीत उपटण्यासारखे केस नसतात. पूडल वगैरेंचा प्रश्न वेगळा, आणि तिथेही निरोगी कानाचे केस नेमाने उपटावेत की नाही यावर दोन मतं आहेत. उपटल्यावर मुळाशी सूज येते आणि तीच संसर्गाची वाट होते. आणि पावडर ओलीत गोळा होऊन नळीत अडकते.

कात्री_कंगवा
केस दाट असतील तर औषध आत जाणार कसं? केसांचा बोळा झालेला असतो, मळ त्यालाच चिकटतो. तेव्हा काढावेच लागतात. सरसकट नको, एवढं मान्य.

निळीनदी
अवांतर: आमच्या मांजरीचा एक कान खूप खाजतोय, तिला हेच थेंब चालतील का?

मऊपंजा
नाही, आणि कृपया वेगळा धागा काढा. एकाच कानाचा त्रास असेल तर पॉलिप (मऊ मांसल वाढ), बाहेरून गेलेलं काही किंवा गाठ, हे आधी पाहायचं असतं. कुत्र्यातही एकच कान अचानक दुखू लागला, तेही रानातून फिरून आल्यावर, तर गवताचं कुसळ असू शकतं. ते दर हालचालीबरोबर आत सरकतं आणि पडदाही फोडतं. शेपूटवाली यांच्याकडे दोन्ही कान आहेत म्हणून वाट दुसरी.

दीर्घश्वास
ती वाट म्हणजे अॅलर्जी. तो पंजे चाटतो का? काखेत, जांघेत लालसर? पार्श्वभाग घासतो? दोन्ही कान आलटूनपालटून बिघडणाऱ्या कुत्र्यात कान हे बहुधा टोक असतं, मूळ त्वचेत असतं. अन्नाची अॅलर्जी धरायची असेल तर किमान ८ आठवडे एकच खाद्य: हायड्रोलाइझ्ड (बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनाचं किंवा पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचं. बाकी काही नाही. चघळायचं हाड नाही, खाऊ नाही, चवदार जंतनाशक गोळी नाही. एका चुकलेल्या घासाने दोन आठवडे वाया जातात. रक्ताच्या चाचणीने अन्नाची अॅलर्जी ठरत नाही, पैसे तिथे घालू नका.

आंबटपाणी
आता आहारही बदलायचा? कान धुवायला आले होते बिचारे.

दीर्घश्वास
तिसऱ्यांदा आले आहेत, हे विसरू नका. आधी संसर्ग आटोक्यात आणा, मग आहार. दोन्ही एकदम केलंत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. अॅलर्जी नसेल तर वय वाढल्यावर थायरॉइडही तपासावं लागतं.

शेपूटवाली
पंजे चाटतो, हो. पण आज जाऊन आले. स्लाइडवर काड्या आणि पूपेशी, थोडं यीस्ट. डावा पडदा शाबूत आहे. उजव्यात सूज इतकी की पडदा दिसलाच नाही. कल्चर पाठवलं. प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइड) गोळ्या, ट्रिस-ईडीटीए नावाचं धुवायचं औषध आणि एन्रोफ्लॉक्सासिनचे वेगळे थेंब दिलेत. व्हिनेगर बंद करायला सांगितलं. आता क्रम काय? घाईत विचारायचं राहिलं. आणि घरात मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक आहे, आज रात्री दुखू नये म्हणून देऊ का?

पशुवैद्य_अ
नाही! मेलॉक्सिकॅम आणि प्रेडनिसोलोन एकत्र देऊ नका. पोटात व्रण आणि रक्तस्राव होऊ शकतो. काल-परवा दिलं असेल तर डॉक्टरांना आत्ताच फोन करा, मधे किती दिवस जायला हवेत ते तेच सांगतील. दुखतंय असं वाटलं तर त्यांच्याकडूनच दुसरं वेदनाशामक मागा. गोळ्या सूज उतरवण्यासाठी आहेत, सूज उतरली की पडदा दिसेल आणि थेंबही आत पोचतील.

क्रम:
१. बाटली हातात धरून अंगाइतकी कोमट करा. गार द्रव कानात गेला की कुत्रा दचकतो, तोल जाऊन पडतोही.
२. ट्रिस-ईडीटीए नळी भरेपर्यंत घाला. बाटलीचं टोक कानात खुपसू नका.
३. कानाच्या मुळाशी, गालाच्या मागे, २०-३० सेकंद चोळा. पचपच आवाज आला म्हणजे द्रव खाली पोचला.
४. झटकू द्या. बाहेर आलेलं कापसाने टिपा, बोट जितकं जातं तितकंच. इअरबड नको, मळ आत लोटला जातो.
५. १५ ते २० मिनिटं थांबा. ट्रिस-ईडीटीएचा पीएच ८ च्या आसपास असतो, म्हणजे ते आम्लाच्या उलट, अल्कधर्मी असतं. ते जिवाणूचं बाहेरचं आवरण सैल करतं आणि मग एन्रोफ्लॉक्सासिन नीट शिरतं. म्हणूनच व्हिनेगर त्याच्या नेमकं उलट काम करत होतं.
६. मग थेंब, सांगितलेली पूर्ण मात्रा, पुन्हा चोळणं.

दोन्ही कानांना वेगळा कापूस. थेंब घातल्यावर अचानक मान कलली, डोळे लयीत हलायला लागले, चालताना तोल गेला किंवा ऐकू कमी आलं तर थेंब लगेच थांबवा आणि फोन करा. आणि पाळी फुग्यासारखी फुगली तर तो रक्ताचा साठा, डोकं झटकून आतली शीर फुटलेली असते. सुईने घरी फोडू नका.

सूक्ष्मदर्शी
एक भर. ८ आठवड्यांचा आहार-प्रयोग करणार असाल तर निष्कर्ष प्रेडनिसोलोन बंद झाल्यावरच काढा. ते चालू असताना अॅलर्जी दबलेली असते, खाद्य लागू पडल्यासारखं वाटतं.

शेपूटवाली
कळलं. मेलॉक्सिकॅम परवा दिलं होतं, एकदाच. फोन केला. गोळ्या उशिरा सुरू करायच्या ठरल्या, कधीपासून ते डॉक्टर सांगणार. थेंब आजपासूनच. उजव्यात १ मिलि घालताना थोडं बाहेर येतंच, ते ठीक आहे का?

पशुवैद्य_अ
थोडं ठीक. निम्मं बाहेर आलं तर नळी सुजलेली आहे. तेव्हा एकदम न घालता थोडं-थोडं, दोन मिनिटांच्या अंतराने घाला.

मऊपंजा
आणि बरं झाल्यावर रोज धुणं बंद. निरोगी कानाला रोजची ओल नको, तीच त्वचा फुगवते. पोहणारा असेल तर पोहून आल्यावर सुकवणारं क्लीनर, नाहीतर आठवड्यातून एकदा पुरे.

शेपूटवाली
तो आठवड्यातून तीनदा पोहतो. ते सांगायचं राहिलं.

सूक्ष्मदर्शी
कान बरा होऊन स्लाइड स्वच्छ येईपर्यंत पोहणं बंद. कल्चरचा अहवाल आला की इथे टाका, कोणत्या औषधाला दाद देतोय ते पाहू.