मदत हवी आहे: मिठाच्या पाण्यात बर्फ हळू विरघळतो, चौथीच्या पोरांना कारण कसं सांगू?

नमस्कार मंडळी, मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात झेडपीच्या शाळेवर आहे, चौथीचा वर्ग. वर्गातल्या एकाही पोराने समुद्र बघितलेला नाही, खारं पाणी म्हटलं की त्यांना लोणार आठवतं कारण सहल तिथेच जाते. समुद्राचं पाणी खारट का आणि ते फिरतं कसं हे करूनच दाखवायचं ठरवलंय, नुसतं वाचून दाखवलं की माना डोलवतात अन् दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

खारटपणाचं जमलं. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे टाकले, समुद्र सरासरी एवढाच खारट असतो, आणि त्यातला एकेक थेंब जिभेवर दिला (प्यायचंच पाणी होतं, काळजी नको), तोंडं बघण्यासारखी झाली. नद्या दगडांतले क्षार वाहून नेतात, उन्हाने पाणी उडतं अन् क्षार मागे राहतात, लोणारमध्येही ओढ्यांचं पाणी येतं पण बाहेर जायला वाट नाही, इथपर्यंत सगळं पटलं.

गाडी अडली ती पुढे. दोन सारखे ग्लास, एकात साधं पाणी एकात मिठाचं, दोन्हीत शाई घालून जमवलेला बर्फाचा निळा खडा टाकला आणि विचारलं आधी कोणता संपेल. सगळा वर्ग ओरडला मिठाचा! साध्या पाण्यात निळ्या दोऱ्या सरळ तळाला उतरायला लागल्या आणि खडा बघता बघता गायब, मिठाच्या ग्लासात मात्र निळा थर वरच साचून बसला आणि खडा त्यात आरामात तरंगतोय. एक पोरगी म्हणे, "मॅडम, मग कुल्फीवाला बर्फावर मीठ कशाला टाकतो, येडा आहे का?"

मला कारण माहितीये पण तोंडात सारखं घनता घनता येतं आणि चौथीला तो शब्द नकोय. शिवाय लाटा म्हणजेच प्रवाह असं पोरांच्या डोक्यात पक्कं बसलंय, ते कसं काढू? लॅब वगैरे काही नाही, खर्च खिशातूनच.

प्रतिसाद – खडूफळा

मॅडम, शब्द राहू द्या, काटा आणा. एकाच मापाच्या दोन बाटल्या काठोकाठ भरा, एक साध्या पाण्याची एक मिठाच्या, आणि किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा. समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण २५ ग्रॅमने जड भरतं, मीठ वाढवलंत तर फरक हातालाही कळेल. मग पोरंच सांगतील की बर्फाचं वितळलेलं पाणी गोडं, म्हणजे हलकं, ते जड पाण्यावर तरंगणारच. तोच गार थर खड्याला पांघरुणासारखा गुंडाळून बसतो, खालचं कोमट पाणी खड्यापर्यंत पोचतच नाही. साध्या पाण्यात गार पाणी खाली जातं, कोमट वर येतं, म्हणून खडा लवकर संपतो.

कुल्फीवाला शहाणाच आहे. त्याचं मीठ थेट बर्फाला लागतं, बर्फ वितळायला लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता कुल्फीच्या साच्यातून ओढतो, मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं.

अंटार्क्टिकाजवळ ह्याच्या उलटं होतं. तिथे समुद्र गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं, आसपासचं पाणी खारट आणि गार, म्हणून जड, ते तळाला बसतं आणि तळातळाने दूरवर सरकतं. अशी एक फेरी व्हायला साधारण हजार वर्षं लागतात, हे ऐकून पोरं जाम खूश होतात.

प्रतिसाद – दर्याकिनारी

लाटांसाठी परात घ्या ताई. पाण्यावर थर्माकोलचा तुकडा सोडा आणि कडेला बोटाने हलक्या लाटा काढा, तुकडा जागच्या जागी वरखाली होतो, लाट पुढे जाते. मग फुंकर मारा, आता पाणीच सरकतं आणि तुकडाही निघतो. आमच्या वेंगुर्ल्याकडे वारा फिरला की प्रवाहही फिरतो, पावसाळ्यात किनाऱ्यालगत दक्षिणेकडे, थंडीत उत्तरेकडे. थंडीत तर बंगालच्या उपसागराचं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून इकडे येतं, तिकडे गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी ओतलं जातं ना.

आणि बदकांची गोष्ट सांगाच. १९९२ च्या जानेवारीत पॅसिफिकमध्ये जहाजावरून कंटेनर पडला, आंघोळीच्या टबातली २८ हजारांवर प्लॅस्टिकची खेळणी, पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. नोव्हेंबरात ती अलास्काच्या किनाऱ्याला लागायला लागली. नुसत्या लाटांनी एवढं लांब नेलं नसतं.

प्रतिसाद – गणितमास्तर

अंडं तरंगवायचा प्रयोग करणार असाल तर एक सांगतो, ३५ ग्रॅमच्या पाण्यात ताजं अंडं बुडतं. मीठ तिप्पट-चौपट लागतं. शाळेत अंडं चालत नसेल तर बटाट्याची फोड घ्या, तीही तशीच वागते.

धागाकर्ती

काट्याचं एकदम बेस्ट, दुकान शाळेसमोरच आहे. बदकांसाठी नकाशा काढते. बाजारात खडेमीठ स्वस्त मिळतं, ते चालेल ना?

प्रतिसाद – खडूफळा

चालेल की. फक्त आदल्या दिवशीच विरघळवून गाळून ठेवा आणि दोन्ही ग्लास रात्रभर एकाच टेबलावर राहू द्या. मीठ विरघळताना पाणी थोडं गार होतं, मग कोणीतरी हुशार पोरगं म्हणेल की मॅडम, मिठाचं पाणी आधीच थंड होतं!