जुन्या टायरच्या कुंड्या आणि मुलांचा झोका: तारा, चिकट रंग आणि अळ्या, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इमारतीमागच्या मोकळ्या पट्टीत मुलांसाठी टायरचा झोका, उड्या मारायला अर्धे पुरलेले टायर आणि कडेने फुलझाडांच्या कुंड्या करायचं मनात घेतलंय. गाडीचे नऊ जुने टायर जमलेत. बहुतेकांवर १६५/८० आर १४ असं लिहिलंय. कामाला लागले आणि पहिल्याच दोन टायरवर अडले.

पहिला टायर आडवा कापून कुंडी करायची होती. बाजूची भिंत कटरने कशीबशी कापली गेली, पण रस्त्याला टेकणारा भाग काही केल्या कापला जाईना. करवत लावली तर केसासारख्या बारीक, टोकदार तारा बाहेर आल्या. हातमोजा होता म्हणून बोट वाचलं. धाकटा शेजारी उभा राहून पाहत होता. त्याचा हात तिथे गेला असता, या विचाराने काम तिथेच थांबवलं.

दुसऱ्याला पिवळा ऑइल पेंट दिला. चार दिवस झाले, अजून बोटाला चिकटतोय आणि मधे मधे तपकिरी डाग उमटलेत.

आणखी एक. कोपऱ्यात ठेवलेला टायर काल तिरका केला तर आतल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. पाऊस पडून आठवडासुद्धा झाला नव्हता. मुलांच्या खेळासाठी आणलेल्या वस्तूत डास पोसायचे, हे मला अजिबात चालणार नाही.

तर तारा न येता टायर कापता येतो का? रंग कोणता द्यावा? डासांचं काय करू? आणि कुंडीत पालेभाजी लावली तर चालेल का?

*

प्रतिसाद:

ताई, काही वर्षं टायर रिमोल्डिंगच्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याच्या कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या टायरवरचा 'आर' म्हणजे रेडियल. यात रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, आणि रिमवर बसणाऱ्या आतल्या कडेत जाड तारांचं कडं असतं. गाडीच्या टायरमध्ये या दोन्हींच्या मधली भिंत बहुधा नुसत्या रबराची आणि धाग्याची असते. म्हणून कापायचं ते भिंतीतच. धारदार कटर घ्या, पात्याला साबणाचं पाणी लावत राहा आणि एकाच दमात कापायला जाऊ नका, तीनचार वेळा त्याच रेषेवरून फिरवा. तारांचा भाग कापायचाच असेल तर जिगसॉला (विजेवर चालणाऱ्या छोट्या करवतीला) धातू कापायचं पातं लागतं, पण मुलांच्या वस्तूसाठी मी तो कापणारच नाही. कापलेल्या टायरमधून निघालेली तार कितीही घासली तरी पुन्हा डोकं वर काढते. जो कापलात तो बाजूलाच ठेवा. झिजून तार दिसणारा टायरही खेळात घेऊ नका.

अर्ध्या पुरलेल्या टायरसाठी कापायची गरजच नाही. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ८० टक्के आणि रिम १४ इंच. उभा टायर साधारण ६२ सेंटीमीटर भरतो. निम्मा जमिनीत गेला की गुडघ्याएवढी कमान उरते, लहानग्यांना बरोबर. आतला खालचा भाग मातीने ठासून भरा, म्हणजे पाणी साचायला जागाच राहत नाही.

रंगाबद्दल: रबरात तेलं असतात, आणि तडे जाऊ नयेत म्हणून घातलेली रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. तपकिरी डाग त्यांचे. ऑइल पेंट त्यावर नीट वाळत नाही. आहे तो रंग खरवडा, साबणाने घासून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग प्रायमर आणि घराच्या बाहेरच्या भिंतींना देतात तो ॲक्रिलिक रंग. दोन पातळ हात द्या, जाड एक नको.

*

प्रतिसाद:

डासांसाठी टायरला जमिनीच्या बाजूने पाचसहा भोकं पाडा, झोक्यालाही. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टायरच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवतो, आणि ती कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी आलं की अळ्या. म्हणून काथ्याने किंवा ताठ ब्रशने आतून खसखसून घासा.

पालेभाजी मात्र नको. रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड आणि बरीच इतर रसायनं घालतात. ऊनपावसात टायर झिजला की ती थोडीथोडी मातीत उतरतात. फुलं लावा, शोभेची झाडं लावा. पोटात जाणारं काही लावायचं तर दुसरी कुंडी घ्या.

*

मूळ धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. आज सगळे टायर आतून घासले. काळा गाळ निघाला नुसता! भिंतीला भोकं पाडायला ड्रिल सहज चाललं. तार निघालेला टायर भंगारात दिला, पालेभाजीचा बेत सोडला आणि दोन कुंड्यांत सदाफुली लावली.

आता राहिला झोका. टायर आडवा, तीन दोऱ्यांवर टांगायचा विचार आहे, म्हणजे दोघं बसू शकतील. भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतून मोठा वॉशर लावला तर रबर फाटणार नाही ना? आणि वर एकाच कड्याला तिन्ही दोऱ्या बांधल्या तर गोल फिरताना पीळ पडेल, तिथे फिरतं कडं लागेल का? ज्यांनी असा झोका टांगलाय त्यांनी वरच्या सांध्याचा फोटो टाकला तर फार मदत होईल.