हम घालवायला ॲम्पची अर्थ पिन काढायची? माझा साफ विरोध

सोल्डर_सोलापूर:
गणपती जवळ आले की आपल्याकडं ॲम्प जोडायची घाई सुरू होते आणि दरवेळी तोच सल्ला, हम (स्पीकरमधून येणारा घूं आवाज) येतोय ना, मग थ्री पिनची अर्थ काढून टाक. हम जातो हे खरं. पण पत्र्याचं कॅबिनेट, आत रिवाइंड केलेला २४-०-२४ चा (मधल्या वायरीच्या दोन्हीकडं २४ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर, तापून तापून प्रायमरीचं (मेन लाइनकडच्या गुंडाळीचं) इन्सुलेशन गेलं की २३० व्होल्ट सरळ कॅबिनेटवर. अर्थ असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर व्हॉल्यूमला हात लावणारा चिकटतो. घरात लहान पोरं असतात राव.

आणि हम बऱ्याचदा आतूनच येतो. इनपुट शॉर्ट करून (त्याची दोन टोकं एकमेकांना जोडून) ऐका, तरी आवाज येतोय तर आतलं वायरिंग तपासा. ५० हर्ट्झचा हम जाड घुमतो, ब्रिजनंतरचा (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडनंतरचा) १०० चा खरखरीत झर्रर्र येतो. झर्रर्र असेल तर दोन मोठ्या कॅपॅसिटरच्या मधला जोड बघा. सेंटर टॅप (ट्रान्सफॉर्मरची मधली ० ची वायर) तिथंच येतो, सेकंदाला १०० वेळा चार्जिंगचे झटके त्याच पट्टीतून जातात आणि लोक नेमका इनपुटचा ग्राउंड (सिग्नलची परतीची वायर) तिथंच सोल्डर करतात! त्या जोडापासून जाड वायर थोडी पुढं काढून तिथं स्टार करा, म्हणजे सगळे ग्राउंड त्या एकाच बिंदूला आणा, स्पीकरचा रिटर्न वेगळा, बोर्डाचा ग्राउंड वेगळा. अर्थची वायर मात्र कॅबिनेटचा रंग खरवडून बोल्टनं घट्ट.

जुना_वाडा:
काय बोलायलास बे. आमच्या पेठेतल्या जुन्या घरात तिसऱ्या भोकातली वायर कुठंच जात नाही, काही ठिकाणी तर वायरमननं सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडून दिलीय. न्यूट्रल तुटला की कॅबिनेटवर फेज. मग ती पिन वाचवणार का मारणार? अर्थिंगचा खड्डा असला तरी उन्हाळ्यात सोलापूरची माती ठणठणीत कोरडी, त्यात पाणी कोण ओततंय. आणि सेट टॉप बॉक्स टू पिनवरच चालतात की.

सोल्डर_सोलापूर:
ते डबल इन्सुलेटेड असतात, मागं चौकोनात चौकोन छापलेला असतो बघ. गल्लीत गुंडाळून आणलेल्या ट्रान्सफॉर्मरला ती गॅरंटी कोण देणार? न्यूट्रल जोडलेलं सॉकेट धोक्याचं, हे शंभर टक्के मान्य, पण मग तिथं फ्रिजपण लावू नये. त्याच लाइनवर इस्त्री चालू करून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लाव, लोडवर थोडे तरी व्होल्ट दिसायला पाहिजेत, सपशेल शून्य आलं तर सॉकेट उघडून बघ. दुरुस्त सॉकेट करायचं, ॲम्पची पिन कशाला तोडायची.

लूमच्या_शेजारी:
दोघांचंही अर्धंच पटतंय. माझा ॲम्प एकटा शांत आहे, इनपुट शॉर्ट केला की चिडीचूप. कॉम्प्युटर जोडला की घूंsss. त्यालापण थ्री पिन, यालापण थ्री पिन, मधे ऑडिओ केबलची जाळी, म्हणजे अर्थचा पूर्ण फेरा झाला. इथं तुमचं स्टार काय करणार? अशा वेळी लोक पिन तोडतात, त्यांना वेडं म्हणू नका.

सोल्डर_सोलापूर:
वेडं नाही म्हणत, पण उपाय आहे. कॅबिनेट अर्थलाच ठेवायचं, फक्त आतला ऑडिओ ग्राउंड कॅबिनेटला सरळ न जोडता मधे १० ओहमचा रेझिस्टर टाकायचा. त्याला पॅरलल ३५ अँपिअरचा ब्रिज, प्लस-मायनस एकमेकांना जोडून, एसीची दोन टोकं दोन्हीकडं. फॉल्ट आला तर करंट डायोडमधून जाऊन फ्यूज उडवतो. इनपुटचे सॉकेट कॅबिनेटला टेकता कामा नये, नाहीतर सगळं फुकट. एवढी खटपट नको असेल तर ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लाव, फेरा तिथंच तुटतो.

लूमच्या_शेजारी:
ट्रान्सफॉर्मर लावून बघितला, स्वस्तातला होता, बेस पार पातळ झाला. १० ओहमवालं करून बघतो.

जुना_वाडा:
कॅपॅसिटरच्या जोडाचं पटलं, माझ्या बोर्डावर इनपुट तिथंच आहे. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं अर्थचा खड्डा कुठं खणायचा? मालक भिंतीला खिळा मारू देत नाही. टू पिन आणि लाकडी कॅबिनेट, माझं तेच राहणार.

सोल्डर_सोलापूर:
लाकडी असलं तरी हीटसिंक बाहेर उघडा असतो ना, आणि व्हॉल्यूमचा शाफ्टपण धातूचाच. निदान ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसव. तो फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधला फरक बघतो, अर्थ नसली तरी शॉक लागताक्षणी तोडतो. झटका बसेल, पण चिकटून राहणार नाहीस. मेन बोर्डात बसतो, भिंतीला भोक लागत नाही, मालकाला तेवढं सांग.