इटलीची डीव्हीडी नागपुरात चालवायची कशी?

जुनीरीळ: सत्तरच्या दशकातले इटालियन जालो (खून-रहस्याचे) सिनेमे आपल्याकडच्या ओटीटीवर फारसे सापडत नाहीत. एकाची इटलीतली डीव्हीडी मिळाली, पण प्लेयर रीजनची (डिस्क कुठल्या देशांसाठी आहे त्याची) चूक दाखवतो. तिच्यावर इंग्रजी सबटायटल नाहीत. नेटवरची एसआरटी, म्हणजे सबटायटलची वेगळी फाइल, सुरुवातीला जुळते, शेवटी चारेक मिनिटं मागे पडते. मित्र म्हणतात, टॉरेंट लाव अन् मोकळा हो. दुसरा काही मार्ग?

बर्डीकर: भाऊ, या दोन वेगळ्या भानगडी आहेत. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५, इटली २. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) साधा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. त्याचा रीजन फक्त पाचदा बदलता येतो, शेवटी जो लावाल तो कायमचा. एकदा २ करा अन् विसरा.

एसआरटी बहुधा अमेरिकन ब्ल्यू-रेची असणार. ती सेकंदाला २३.९७६ फ्रेमची (चित्रांची), तुमची डिस्क पाल या टीव्ही पद्धतीची म्हणजे २५ ची. तोच सिनेमा पालवर चार टक्के लवकर संपतो, १०० मिनिटांचा ९६ मध्ये. व्हीएलसी प्लेयरमध्ये जी-एच दाबून सबटायटल मागेपुढे करता येतात, पण त्याने हे सुटत नाही, कारण फरक वाढत जातो. सबटायटल एडिट या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २३.९७६ वरून २५ करा. उलटं केलंत तर गोंधळ दुप्पट.

पडदानशीन: पुढची खरेदी ब्ल्यू-रेची असेल तर तिथे अक्षरं आहेत: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. ४के डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, पण तिला ४के प्लेयरच लागतो. सोबत येणारी साधी ब्ल्यू-रे मात्र लॉक असू शकते. मागवण्याआधी मागचं कव्हर वाचा.

टॉरेंटचं म्हणाल तर उतरवतानाच तुमचं मशीन तेच तुकडे इतरांना पाठवत असतं. म्हणजे नुसतं बघणं नाही, वाटपही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. शिवाय दुर्मीळ नावांच्या आडून .mkv.exe फाइली फिरतात; त्या सिनेमा नव्हे, प्रोग्राम असतात. विंडोज नावाचं शेवटचं शेपूट (.exe) लपवतं, म्हणून ते आधी दिसतं करा.

जुनीरीळ: फ्रेम रेट बदलला. आता ५२ व्या मिनिटापर्यंत चोख, तिथून पुढे एकसारखा १४ सेकंद उशीर.

बर्डीकर: मग कट वेगळा आहे. तुमच्या डिस्कवर तेवढा तुकडा कापलेला दिसतो. कापलेल्या भागातल्या ओळी उडवा, नंतरची पहिली ओळ निवडा अन् 'निवडलेली व पुढच्या सगळ्या' पर्यायाने १४ सेकंद अलीकडे ओढा. असा कट एखादवेळी आणखी पुढेही निघतो, तेव्हा शेवटपर्यंत तपासा.