डांबरी रस्त्यातला चर पावसाळ्यात खचू नये म्हणून भराव कसा करावा?

प्रश्न: कोथरूडमध्ये 600 मिमी रुंद, 1.2 मीटर खोल चर, आत 150 मिमीची पाण्याची लाइन. ठेकेदार निघालेली काळी माती परत ढकलून जेसीबीच्या बकेटने दाबतोय. चालेल का?

उत्तर १: अजिबात नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. ती उचलायला लावा. पाइपखाली 100 मिमी आणि माथ्यावर 300 मिमीपर्यंत क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू). पाइपच्या कुशीत (खालच्या दोन्ही बाजूंना) हाताने ठासायची, तिथेच पोकळी राहते. त्यावर मुरूम, 150 मिमीचे थर, प्रत्येकावर जंपिंग रॅमर (उड्या मारत माती ठोकणारं यंत्र). बकेटचा दाब खालपर्यंत पोचतच नाही.

उत्तर २: ओलावा सांभाळा. मुरूम मुठीत आवळला की गोळा टिकावा, हाताला चिखल लागू नये. पाणी सोडून मुरूम ‘बसवू’ देऊ नका. घनता सँड रिप्लेसमेंटने (खड्डा करून त्यात मोजलेली वाळू भरायची चाचणी) तपासा: मॉडिफाइड प्रॉक्टरच्या (प्रयोगशाळेत ठोकून मिळालेली कमाल घनता) 95 टक्के, वरच्या 500 मिमीत 97. मुरुमातल्या खडीमुळे कोअर कटर (मातीत ठोकून नमुना काढायची नळी) इथे फसवतो.

उत्तर ३: डांबर चरापेक्षा दोन्हीकडे 150 मिमी जास्त, कटरने सरळ कापा. उभ्या कडांनाही टॅक कोट (चिकटण्यासाठी डांबराचा पातळ थर) हवा, नाहीतर पाणी सांध्यातूनच शिरतं.