तातडीने मदत हवी: जखमी भटकी मांजर हाताला लागत नाहीये

रानजाई
जिन्याखाली एक भटकी मांजर येऊन बसलीय. मागचा पाय टेकवत नाही, मांडीवर जखम आहे, तिला वास येतोय. जवळ गेलं की फिस्कारते, मघाशी पंजाही मारला. डॉक्टर म्हणतात घेऊन या. पण पकडू कशी? आणि बरी झाल्यावर तिला घर कुठे शोधू? मला ठेवता येणार नाही. प्लीज लवकर सांगा, अंधार पडायच्या आत काहीतरी करायचंय.

उंबरठा
पंजा मारला म्हणजे रक्त आलं का? मांजर खातेय का? तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर वाट बघायला वेळ नाही. आणि ठेवता येणार नाही ते का?

पारवा
खाण्यातून तापाची अर्धी गोळी द्या. दुखणं कमी झालं की आपोआप हाताला येईल.

जुईचा_वेल
पारवा, कृपया असले सल्ले देऊ नका! पॅरासिटामॉल मांजरांना विष आहे. त्यांच्या यकृताला ते निकामी करता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. एका गोळीनेही मांजर दगावते.

रानजाई, हाताने पकडू नका. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे झडपेचा पिंजरा मागा. वासाचं ओलं खाणं अगदी मागच्या टोकाला ठेवा, म्हणजे ती पूर्ण आत जाईल. दार पडताच सगळ्या पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधारात मांजर बरीच शांत होते. जखम धुणं, पायाला पट्टी बांधणं यातलं काही करू नका, ते भूल देऊन डॉक्टर करतील.

रानजाई
थोडं रक्त आलं, पुसलं. माझं सोडा, मांजरीचं सांगा. घरी दोन मांजरं आहेत, म्हणून ठेवता येत नाही.

उंबरठा
सोडा कसं? वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय उरत नाही. लस वेळेत घेतली तरच उपयोग.

पारवा
गोळीचं माहीत नव्हतं, मागे घेतो. पण दत्तकाचं डोक्यातून काढा. मोठी भटकी मांजर माणसाळत नाही. नसबंदी करून होती तिथेच सोडा.

निळीशाई
असहमत. माणसाळण्याचं वय साधारण दोन ते सात आठवडे, हे खरं. पण ही जन्मापासून भटकी आहे की कुणी सोडून दिलेली, हे तुम्हाला काय माहीत? दुखत असताना पाळीव मांजरही फिस्कारते. उपचारानंतर शांत जागी आठवडाभर राहू दे, मग ठरवा. आमची अशीच आली होती, आता उशीवर झोपते.

पारवा
एका मांजरीवरून नियम होत नाही.

कोरापाट
अवांतर: आमचा बोका सोफा ओरबाडतो, काय करावं?

निळीशाई
कोरापाट, वेगळा धागा काढा ना. रानजाई, तिच्या कानाचं टोक सरळ कापलेलं आहे का? असेल तर नसबंदी झालेली आहे.

रानजाई
कान अख्खे आहेत. पिंजरा मिळतोय, थोड्या वेळात आणायला जातेय. पोटाखालचे केस गेलेत, आचळं गुलाबी आणि मोठी दिसतात. हाही आजार आहे का?

जुईचा_वेल
अहो, ती पाजतेय! जवळपास पिल्लं असणार. आधी ती शोधा. अडगळ, पत्र्याखाली, गाड्यांच्या खाली बघा. आईला उचलून नेलंत तर ती उपाशी राहतील. सापडली तर उबेत ठेवून सोबतच न्या. गाईचं दूध नको, मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. डॉक्टरांना ती पाजतेय हे आधी सांगा, औषधं त्यावर ठरतात. आणि पिल्लं अजून लहान असतील तर त्यांना घर मिळणं आईपेक्षा खूप सोपं.

रानजाई
टाकीमागून बारीक आवाज येतोय. बघते.

उंबरठा
हात धुतलात का? आणि घरातल्या दोघांना लसी दिल्यात? काहीही झालं तरी ही मांजर आणि पिल्लं त्या दोघांच्या खोलीत नेऊ नका.